एका पायावर

पुण्यात माणसाचा पाय मुरगळला की त्याला औषधाच्या आधी सल्ला मिळतो. आमच्या कन्येचा उजवा घोटा मुरगळला त्या दिवशी संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मी सतरा सल्ले मोजले. हळद-तुरटीचा लेप लावा, पाय गरम पाण्यात बुडवा, गार पाण्यात बुडवा, अजिबात बुडवू नका, चालवा, मुळीच चालवू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर त्यांच्या तरुणपणीच्या तालमीतल्या वस्तादांची आठवण काढून असा काही उसासा टाकला, की ते वस्ताद हयात नाहीत हा आमचाच अपराध आहे असे मला वाटले.

कन्या खो-खो खेळते. आणि खो-खो हा, वाचकहो, घोट्याचा खेळ आहे. बसल्या जागेवरून ताडकन उठायचे, दोन ढांगांत वेग घ्यायचा आणि खांबाशी गर्रकन वळायचे. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्यावाचून मागे फिरण्याची सोय नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी ती जिंकली. तो सामना आमच्या घरी दूरदर्शन संचापुढे सर्वांनी उभे राहूनच पाहिला. त्या रात्रीपासून कन्येला झोपेतही खांब दिसू लागला.

त्याच पावसाळ्यात घोटा मुरगळला, तोही वर्षभरात तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला मीच हौसेने एका मालिशवाल्याला बोलावले होते. त्याने सुजलेला घोटा तेल लावून असा रगडला, की सकाळी तो दुप्पट झाला. ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये, हे मला फार उशिरा कळले. सूज उतरली, पोर पळू लागली आणि दीड महिन्यात तोच पाय पुन्हा गेला.

तिसऱ्या खेपेला तिला चार पावलेही टाकता येईनात. हाडांच्या डॉक्टरांनी चित्र काढले, हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला : फिजिओथेरपी.

इथे एक कबुली दिली पाहिजे. चिठ्ठी खिशात घालताना मला दुःख झाले होते, पण पुरते झाले नव्हते. पुढचे वर्ष दहावीचे. खेळाचे हे वेड आता आपोआप सुटेल, आपल्याला वाईटपणाही घ्यावा लागणार नाही, असा एक चोरटा विचार मनात येऊन गेला. सौ.ला तो कळला असावा. तिने काही न बोलता चहाचा कप जरा जोरात ठेवला.

शोध सुरू झाला. हे शास्त्र आपल्याकडे 1950 च्या दशकात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शिकवू लागले. आता आमच्या घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंतच चार पाट्या आहेत. पहिल्या ठिकाणी पडद्याआड पायाला तारा जोडल्या, खटका दाबला आणि चालक मोबाईल घेऊन बाहेर गेले. वीस मिनिटांनी यंत्राने घंटी वाजवली, तेव्हा उपचार संपल्याचे उभयतांना समजले. दहा बैठकांचे पैसे आगाऊ. मुलगी कोणता खेळ खेळते, हे मात्र कोणी विचारले नाही.

दुसरे गृहस्थ फार सज्जन निघाले. ते म्हणाले, "माझ्याकडे आजी-आजोबांचे गुडघे येतात. त्यांना जिना चढवणं मला जमतं. हिला खांबाशी वळायचंय. ते काम वेगळं. तुम्ही मैदानावर विचारा. पडलेली मुलं उठून कुणाकडे जातात, ते तिथल्या लोकांना ठाऊक असतं." आपल्याला काय येत नाही हे सांगणारा माणूस भेटला, की निम्मा रस्ता सापडला असे समजावे.

मैदानावरच्या सरांनी पत्ता दिला. पिठाच्या गिरणीवरचा माळा. खालून ज्वारीचा वास आणि पट्ट्याची धडधड. वर एक तिशीतल्या बाई, भिंतीवर राज्य परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, काही रबरी पट्टे, एक लाकडी पायरी आणि फरशीवर चिकटपट्टीच्या रेघा. यंत्र एकच, तेही कोपऱ्यात झाकलेले. मला जरा शंकाच आली.

बाई अर्धा तास नुसते प्रश्न विचारीत होत्या. कुठल्या पायावर वळतेस? पडलीस तेव्हा पाऊल आत वळलं की बाहेर? पहिल्यांदा मुरगळल्यावर किती दिवसांनी पळालीस? मी प्रत्येक प्रश्नाला तत्परतेने उत्तर देत होतो. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "काका, घोटा तिचा आहे."

मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुला काय हवंय?"

कन्या म्हणाली, "मला पुन्हा पळायचंय. पण बाबांना..." आणि थांबली.

खाली गिरणी चालू होती म्हणून बरे. मी फरशीवरच्या रेघा पाहत बसलो. नऊ महिन्यांत तीनदा पाय मुरगळलेल्या मुलीला हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"तिला पळायचंय," मी म्हणालो. "किती दिवस लागतील?"

"तीन महिने. कंटाळवाणे."

बाईंनी सांगितलेले मला जेवढे उमगले ते असे : लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी. ती उसवली तरी बहुधा पुन्हा सांधते. पण डोळे मिटूनही पाऊल कुठे पडते आहे हे कळण्याची जी जाण पायात असते, ती मंदावते. दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे समजून मूल पळते आणि पुन्हा पडते. ती जाण सरावानेच परत आणावी लागते.

म्हणून आमच्या घरी एका पायाची तपश्चर्या सुरू झाली. दात घासताना एका पायावर, मग उशीवर एका पायावर, मग डोळे मिटून. दाराच्या कडीला रबरी पट्टा. एका पायावर टाच उचलणे, आरंभी सहा वेळा धापा टाकीत, शेवटी पंचवीस वेळा. फार सोपे दिसते म्हणून एके सकाळी मीही डोळे मिटून उभा राहिलो. चौथ्या सेकंदाला कपाटाने माझे स्वागत केले. सौ. म्हणाली, "उभं राहायला सगळ्यांनाच सोपं वाटतं." ती हे घोट्याविषयीच बोलली असावी.

दहाव्या आठवड्यात बाईंनी दोन्ही पायांनी लंगडी उडी घालायला लावून अंतर टेपने मोजले. दुखरा पाय अजून थोडा मागे होता. कन्या रडवेली झाली, पण बाई बधल्या नाहीत : "अजून तीन आठवडे." मग एका संध्याकाळी त्या स्वतः मैदानावर आल्या आणि खांबाशी बसून तिचे वळणे पाहत राहिल्या. कोणता फिजिओथेरपिस्ट गाठावा असे मला आता कोणी विचारले, तर मी इतकेच सांगतो : जो आधी विचारतो, मग मोजतो आणि घाई करीत नाही, तो.

हिवाळ्यात ती पहिला सामना खेळली. संघ हरला. ती खांबाशी वळली तेव्हा माझा श्वास अडकला. पाय मात्र अडकला नाही.

यंदा दहावी. इतिहासाचे पुस्तक हातात धरून ती एका पायावर उभी असते. मी रागवत नाही. परवा मीही डोळे मिटून अकरा सेकंद टिकलो.