विन्स्टन स्मिथ आणि पळसदरीची गाडी

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज ग्रंथकाराची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाली. ग्रंथकाराचा जन्म १९०३ मध्यें आपल्याच देशांत, बिहारांतील मोतीहारी येथें झाला, हें मला फार उशिरां कळलें. कादंबरी मीं प्रथम वाचली ती अकरावींत असतांना, खोपोली-कर्जत गाडींत जातां-येतां. आणि खरें सांगावयाचें तर तिच्या नायकाचा मला तिटकाराच आला.

विन्स्टन स्मिथ हा एकोणचाळीस वर्षांचा, घोट्यावरील जखमेनें गांजलेला सरकारी कारकून. जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर सत्ताधाऱ्यांच्या सोयीप्रमाणें बदलावयाचा, हें त्याचें काम. तो चोरून रोजनिशी लिहितो, ज्यूलिया नांवाच्या तरुणीवर प्रेम करतो, पकडला जातो. आणि शेवटीं उंदरांचा पिंजरा तोंडापुढें येतांच ही यातना आपणांस नको, ज्यूलियाला द्या, असा आक्रोश करतो. असला कसला नायक!

आमच्या बाजूच्या मुलाला असें वाटणें स्वाभाविक होतें. माथेरानचे भाई कोतवाल आम्हांला लहानपणापासून ठाऊक. १९४२ च्या चळवळींत त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. त्या मापानें विन्स्टन कसा पुरा पडावा?

कित्येक वर्षांनीं पुन्हा वाचतांना मापच चुकल्याचें ध्यानांत आलें. कोतवालांच्या मरणाची तारीख आमच्याकडील शाळकरी पोरसुद्धां सांगेल. विन्स्टनच्या राज्यांत नाहींशा केलेल्या माणसाचें नांवही कागदावरून नाहींसें करीत, आणि तें खोडणाऱ्यांत तो स्वतःच एक होता. आपल्यामागें आपलें नांव घेणारा कोणी उरणार नाहीं हें पक्कें जाणून त्यानें रोजनिशीचें पहिलें पान लिहिलें. त्याला साधु मात्र मी म्हणणार नाहीं. बंडास उपयोग होत असेल तर लहान मुलाच्या तोंडावर तेजाब फेकाल काय, या प्रश्नास त्यानें रुकार दिला आहे. तें पान मला अजून वाचवत नाहीं. सर्व अटी मान्य करून दोघांनीं एकाच अटीस नकार दिला: एकमेकांपासून कायमचें दूर होण्यास. आणि नेमकी तीच गोष्ट त्यांच्याकडून करवून घेण्यांत आली.

आतां मला माझी गोष्ट सांगणें भाग आहे. नववींत असतांना कैरीवर मारलेला माझा दगड शाळेच्या खिडकीला लागला. वडिलांना बोलावूं, एवढें ऐकतांच मीं मित्राचें नांव घेतलें. तेथें उंदीर नव्हते, पिंजराही नव्हता. त्याच्या तळहातावर सहा छड्या बसल्या. तो कांहीं बोलला नाहीं. नवल हें कीं, दोनच वर्षांनीं विन्स्टनची निर्भर्त्सना करतांना मला हें आठवलेंही नाहीं. तोही दगड मारीतच होता, अशी दुरुस्ती मीं मनांतल्या मनांत केव्हांच करून ठेवली होती. तो दगड मारीत नव्हता. तो पाण्याच्या नळावर होता.

कादंबरीच्या अखेरीस विन्स्टन आणि ज्यूलिया मार्चच्या कडक थंडींत एका बागेंत भेटतात, परस्परांचा घात केल्याचें कबूल करतात, आणि मग बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं. ती स्टेशनाकडे निघते. तो थोडा वेळ सोबत चालतो व मागें राहतो. हा प्रसंग वाचतांना मला कर्जत स्टेशनाचा पूल दिसला. छड्यांच्या दिवशीं आम्ही दोघे नेहमींप्रमाणें एकाच बांकावर बसलों होतों. पळसदरीला तो उतरला, तेव्हां दप्तर हातांत न धरतां त्यानें कोपरावर अडकविलें होतें. दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या डब्यांत बसूं लागला.