पळी, डाव आणि चमचा

स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी करावयास बसले असता ताट, वाटी, तांब्या, पातेले ही नावे प्रथम सुचतात. वाढण्याची आणि ढवळण्याची साधने बहुधा शेवटी आठवतात. वस्तुतः घराचे वळण या साधनांवरूनच अधिक नेमके कळते. ताटे-वाट्या लग्नकार्यात आहेर म्हणून येतात, नावे घालून येतात, आणि पुष्कळदा माळ्यावरच राहतात. पळी आणि डाव मात्र हाताला बसतील असे पाहूनच घ्यावे लागतात, आणि एकदा हाताला बसले की सहसा बदलले जात नाहीत. बरुआसागर येथील एका मराठी घरात गेल्या काही वर्षांत जे घडले ते अशाच काही वस्तूंच्या संबंधात घडले.

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की बरुआसागर लागते. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांध घालून निर्माण केलेले विस्तीर्ण तळे, काठावर उंचावरचा किल्ला, जवळच प्रतिहारकालीन जराईचे मंदिर आणि भोवती आल्याची व भाजीपाल्याची शेती, असे या गावाचे रूप आहे. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव येते ते १७४४ मध्ये बुंदेल्यांशी येथे झालेल्या लढाईमुळे. छत्रसालाच्या राज्यातील वाटा पहिल्या बाजीरावाकडे आला, पुढे नारो शंकराने झाशीचा कारभार पाहिला, आणि त्या काळात कारकून, पुरोहित, शिलेदार अशी अनेक मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. आपले घर त्यांपैकीच एक, असे या घरातील माणसे सांगतात.

घरात मराठी अजून आहे. परंतु तिचा प्रांत आकसत गेला आहे. बाजार, शाळा, कचेरी सर्वत्र हिंदी, शेजारी बुंदेली. पूर्वी ओसरीवरही मराठी बोलत. नंतर ती माजघरात आली, आणि आता मुख्यतः स्वयंपाकघरात आहे. तेथे मात्र तिची शिस्त कडक आहे. आमटीला पळी, भाताला भातवाढी, वरणाला उभ्या दांड्याचे खोल ओगराळे, तळणाला झारा, थालीपिठाला उलथणे, आणि मोठ्या पातेल्यातले ढवळण्यास पितळी डाव. ऐंशीच्या घरातील सासूबाई यांपैकी एकाचे नाव दुसऱ्यास कधी देत नाहीत. सूनबाई मऊरानीपूरकडच्या, हिंदीभाषक घरातून आलेल्या. त्याही रित्या हाताने आल्या नव्हत्या. करछुली, पौना, पलटा ही त्यांची नावे त्यांच्याबरोबर आली. पहिली काही वर्षे एकाच फळीवरील वस्तूंना दोन नावे होती, आणि ज्या दिवशी जी स्वयंपाक करी त्या दिवशी तिची नावे चालत.

या नावांचा प्रवास अभ्यासकास ठाऊक आहे. संस्कृतातील दर्वी यज्ञातही होती आणि पाकशाळेतही. धम्मपदाच्या बालवग्गात मूढ माणसाला ज्या पळीची उपमा दिली आहे, ती कालवणात बुडूनही त्याची चव न जाणणारी आहे. चमस हे सोमयागातील लाकडी पात्र; चमचा हा शब्द मात्र तुर्कीतून फारसीमार्गे आला. उच्चार जवळचे, कुळे निराळी. मराठीने दर्वी पोथीत ठेवली आणि चमचा घरात घेतला. घरात घेतल्यावर त्याला खुशामतखोर हा नवा अर्थही देऊन टाकला.

या साधनांची निवड कशी करावी याविषयी सासूबाईंचे काही आडाखे आहेत, आणि ते सारे वाढणाऱ्याच्या बाजूने आहेत. युरोपीय मेजावर काटा, सुरी आणि चमचा जेवणाऱ्याच्या हातात असतात; आपल्याकडे जेवणाऱ्याला हात पुरतो आणि साधन वाढणाऱ्याच्या हाती राहते. त्यामुळे पळीची परीक्षा वेगळी. दांडा इतका लांब हवा की वाढताना बोटे ताटाजवळ जाऊ नयेत. पळी ताटाला लागली तर ती उष्टी झाली आणि पातेल्यात परत जाऊ शकत नाही. दांड्याचा बाक असा हवा की वाकून वाढणाऱ्याचे मनगट दुखू नये. खोलगटपणा बेताचा, पंक्तीत शेवटच्या पानापर्यंत आमटी पुरवावयाची असते. तुपाची पळी लहानच, कारण तूप मागून वाढावे. विकत घेताना पळी रिकामी उचलून भागत नाही, पाणी भरून पाहावी, हा त्यांचा शेवटचा नियम.

धातूंचेही असेच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच-आमसुलाच्या आंबटाशी त्याचे जमत नाही, म्हणून त्याला कल्हई हवी. नवसागराने साफ केलेल्या तप्त भांड्यावर कथील फिरवणारा कल्हईवाला एके काळी या गल्लीतूनही येत असे. त्याचे येणे थांबले आणि पोलाद आले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद सिद्ध केले. आज चांगल्या चमच्यांच्या पोलादात १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते. त्याला कल्हई लागत नाही, मात्र मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यास त्यावरही बारीक खड्डे पडतात. सुरीच्या पात्याला धार टिकावी म्हणून निराळे, कडक पोलाद वापरतात. ते गंजास लवकर बळी पडते, म्हणून सुरी लगेच पुसून ठेवावी. हे सारे या घरात अनुभवाने शिकले गेले.

तथापि घराची प्रतिष्ठा पळीत किंवा पोलादात नव्हती; ती कपाटातील एका लाकडी पेटीत होती. पेटीत बारा चमचे होते. सासूबाईंचे सासरे झाशीला जी. आय. पी. रेल्वेत नोकरीस होते. १९४७ मध्ये एक इंग्रज कुटुंब मायदेशी निघाले, त्यांच्या सामानाच्या विक्रीतून त्यांनी हे चमचे आणले. दांड्याच्या पाठीवर चार रोमन अक्षरे होती: ई, पी, एन, एस. इंग्रजांची चांदी तपासून शिक्का मारलेली असते, एवढे ऐकिवात होते. ती अक्षरे म्हणजेच तो शिक्का असे सर्वांनी धरून चालले. चमचे जुन्या शालीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले जात. दर दसऱ्याला ते बाहेर निघत, काळे पडलेले असत, राखेने आणि चिंचेने घासून लखलखीत होत, मोजले जात आणि पुन्हा शालीत जात. वापर फक्त पुण्याहून पाहुणे आले तर. श्रीखंडाच्या वाटीबरोबर एकेक चमचा मांडला जाई. त्या दिवशी घरातील बोलणेही बदलत असे. हिंदी वळणाची वाक्ये आवरून सारे जण जपून, पुस्तकी मराठी बोलत. पाहुणे गेले की चमचे आणि ते मराठी दोन्ही आत ठेवले जाई.

मध्यंतरी पावसाळ्यापूर्वी मागल्या खोलीचे छप्पर दुरुस्त करणे भाग पडले. पैशांची ओढ होती. पुण्यातील थोरल्या मुलाशी बोलणे झाले आणि चमचे मोडीत काढावे असे ठरले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. धाकटा मुलगा पेटी घेऊन झाशीस सराफाकडे गेला आणि संध्याकाळी पेटी घेऊनच परतला. चमचे जर्मन सिल्व्हरचे होते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू; नावात चांदी, अंगात नाही. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ मुलामा दिलेला होता, आणि ती चार अक्षरे हेच सांगत होती: मुलामा दिलेले निकेल सिल्व्हर. शिक्का समजून जे सत्तर वर्षांहून अधिक काळ जपले, ती कारखानदाराने दिलेली प्रामाणिक कबुली होती. मराठीत जर्मनचे भांडे म्हणजे ॲल्युमिनियमचे. त्यामुळे घरात काही वेळ तोही गोंधळ झाला.

सराफाने आणखी एक गोष्ट दाखविली. चमच्याच्या पोटाखाली, जेथे तो टेकतो तेथे, मुलामा जाऊन पिवळसर धातू उघडा पडला होता. चांदीला गंधकाचे वावडे असते. लोकरीत गंधक असतो, म्हणून शालीत ठेवलेले चमचे काळे पडत. काळे पडत म्हणून ते राखेने घासले जात, आणि राखेबरोबर थोडी चांदीही दरवर्षी मोरीत जाई. सुती फडक्यात ठेवून मऊ कापडाने पुसले असते तर मुलामा कितीतरी अधिक टिकला असता. म्हणजे जे झिजले ते वापराने नव्हे, निगेने झिजले. सासूबाईंना हे फार लागले. चांदी नव्हती याचे त्यांना दुःख झालेले दिसले नाही. आपल्या हातांनी ती गेली, हे त्या दोन दिवस मनात घोळवीत होत्या.

या मुलखातील मराठी घरांना भांडी जाणे नवीन नाही. विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ मध्ये एप्रिल १८५८ मधील झाशीच्या लुटीचे वर्णन आहे. सोन्याचांदीनंतर तांब्यापितळेच्या भांड्यांची पाळी आली. ज्या घरांतून वाढण्याची पळीही गेली, त्या घरांनी पुढे काय वापरले हे कोणी लिहून ठेवले नाही. या घरातील डाव त्याच्या आधीचा असल्याचा दावा कोणी करीत नाही. तो किती जुना आहे हे ठाऊक नाही. त्याची एक कड मात्र तिरपी झिजली आहे: उजव्या हाताने पातेल्याचा तळ खरवडणाऱ्या बायकांच्या किती पिढ्यांनी, हेही ठाऊक नाही. सूनबाईंच्या हातात तो तिरपेपणा आता नेमका बसतो. डावाला त्या करछुली म्हणत नाहीत. कधी सोडले, त्यांनाही सांगता येत नाही.

छपराचे काम कर्ज काढून झाले. चमचे पुन्हा शालीत गेले नाहीत. दिवाळीला बंगळूरहून आलेल्या नातीने ते फळीवरच्या पेल्यात उभे करून ठेवले आणि फराळाला मांडलेही. पानाच्या डाव्या बाजूस ठेवू लागली तेव्हा आजीने हात धरला. डावीकडे चटणी-कोशिंबिरीची जागा आहे, चमचा उजवीकडे खिरीच्या वाटीजवळ. नातीने ऐकले. तेव्हापासून ते रोज वापरले जातात: पोह्यांना, दह्याला, सासूबाईंच्या औषधाला. मुलामा आणखी झिजेल, हे सर्वांना माहीत आहे. पुण्याचे पाहुणे आता आले तर त्यांच्यापुढेही तेच येतात, आणि बोलणेही जसे रोजचे आहे तसेच.

रात्री भांडी पुसून झाली की चमचे मोजण्याची पद्धत मात्र कायम आहे. त्यांची किंमत उरली नाही हे कळल्यावरही ती मोडली नाही. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्या बोटांनी चाचपून मराठीत मोजतात. सूनबाई शेजारी उभ्या राहून मनात हिंदीत मोजतात. आकडा जुळला की दिवा मालवतात.