सूडाचा दुसरा भाग

हाणामारीचा प्रसंग संकलनाला आला की मी तो आधी आवाज बंद करून पाहते. ठोसा खरंच लागलाय का, ते तेव्हा दिसतं. बहुतेक वेळा लागलेला नसतो. मूठ समोरच्याच्या जबड्यापासून वीतभर लांबून जाते, फक्त कॅमेरा अशा जागी असतो की ते अंतर दिसू नये. मग मी मूठ पोहोचायच्या अलीकडच्या दोन फ्रेम्स काढते. सेकंदाला चोवीस फ्रेम्स, त्यातल्या दोन. तेवढ्यानं हात एकदम पोहोचल्यासारखा वाटतो. तिथेच आवाज बसवला की बघणारा खुर्चीत मागे सरकतो. वीस-बावीस वर्षं हे काम करतेय. राहते बोईसरला, काम अंधेरीला. २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, त्याआधी सगळी भिस्त शटलवर होती. जाता-येता गाडीत इतका वेळ मिळतो की दिवसभर पाहिलेला प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा कापून होतो.

मार आवाजानं बसतो, हे मात्र मला मोखाड्यात कळलं.

वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, आणि मामा मोखाड्याकडे शाळेत शिक्षक. पालघर जिल्हा २०१४चा, तेव्हा हे सगळं ठाण्यातच मोडायचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना मामा मला बोहाड्याला घेऊन गेले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर होळीनंतर, पावसाच्या आधी बोहाडा होतो. रात्रभर एकामागून एक सोंगं निघतात. आधी गणपती, शारदा, मग बाकीचे देव आणि राक्षस. गर्दी दोन्ही बाजूंना सरकून मधे वाट ठेवते. त्या वाटेवर सोंग नाचत पुढे येतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. मुखवटा जड, डोळ्यांच्या भोकांतून दिसतं जेमतेम, त्यामुळे प्रत्येक पाऊल मोजून टाकलेलं. मी पेंगायला लागले की मामा म्हणायचे, "थांब गं, अजून देवी यायचीय."

देवी आली तेव्हा उजाडायला आलं होतं. समोर महिषासुर. तलवार त्याच्या अंगाला एकदाही लागली नाही, हे मला लहान असूनही दिसत होतं. सांबळवाल्यानं काठी हाणली की राक्षसाची मान मागे जायची. मधेच सांबळ थांबायचा आणि दोघं जागच्या जागी उभे राहायचे. लोकांचा श्वास अडकायचा तो त्या थांबण्यात. नंतर महिषासुरानं मुखवटा उतरवला, तर आत मामांच्या शाळेतला शिपाई. घामानं निथळत होता. आदल्या दिवशी त्यानंच मला पाणी दिलं होतं. राक्षसाला मी घाबरले नव्हते. त्या ओळखीच्या चेहऱ्यानं मात्र दचकले.

'किल बिल'चा दुसरा भाग पाहताना मला तो चेहरा आठवला. क्वेंटिन टॅरँटिनोनं ही गोष्ट एकच चित्रपट म्हणून रचली होती, पुढे तिचे दोन भाग केले. पहिला १० ऑक्टोबर २००३ला अमेरिकेत लागला, दुसरा १६ एप्रिल २००४ला. दोन्ही मिळून चार तासांच्या वर. दहा प्रकरणं, पाच इकडे, पाच तिकडे. लग्नाच्या तालमीत जिच्या माणसांना मारलं आणि जिच्या डोक्यात गोळी घातली, ती बाई चार वर्षांनी बेशुद्धीतून उठते आणि पाच जणांची यादी करून सूडाला निघते. पहिल्या भागात तिचं नाव कुणी घेतलं की वर शिट्टीसारखा आवाज येतो आणि नाव ऐकूच येत नाही. टोकियोच्या उपाहारगृहात ती ज्या टोळीला कापून काढते, त्या टोळीच्याही डोळ्यांवर मुखवटे. पहिला भाग हा असा रात्रभराच्या सोंगांचा आहे. दुसऱ्या भागात तिचं नाव कळतं, बिएट्रिक्स किडो, आणि मुखवटा उतरतो.

दुसऱ्यात मारामारीच नाही, नुसतं बोलणं, अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. माझ्या धंद्यातले लोकही ती करतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते तपशिलात सांगायला हवं.

बड नावाचा तिचा एक शत्रू तिला जिवंत पुरतो. झाकण बंद होतं आणि पडदा काळा. खिळे ठोकल्याचे आवाज, मग मातीचा पहिला ढीग दणकन पडतो, दुसरा, तिसरा, आणि दर ढिगाला आवाज थोडा लांब जातो. पेटीत तिचा श्वास. ती हातातली विजेरी लावते तेव्हा दिसतं की चित्राची रुंदीसुद्धा कमी करून टाकली आहे, पडदा दोन्ही बाजूंनी आत आलाय. आणि इथे, ती मातीखाली असताना, गोष्ट मागे जाते आणि तिच्या शिकण्याचं प्रकरण सुरू होतं. पाय मेई नावाचा पांढऱ्या भुवयांचा म्हातारा गुरू तिला अगदी जवळून लाकडी फळीवर ठोसे मारायला लावतो. हात रक्ताळतात, जेवताना काड्या धरवत नाहीत.

कुठल्याही साध्या चित्रपटात हे शिक्षण सुरुवातीला येतं आणि आपण ते विसरूनही जातो. इथे ते थडग्यात आणून ठेवलंय. आपण पेटीतून बाहेर पडून डोंगरावर जातो खरे, पण खाली हवा संपतेय हे मनातून जात नाही, म्हणून फळीवरचा प्रत्येक ठोसा मोलाचा होतो. परत येतो तेव्हा ती बुटातला वस्तरा काढून दोर कापते आणि मूठ झाकणावर टेकवते. कशासाठी, ते सांगावं लागत नाही. सॅली मेन्के यांचं हे संकलन. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'पासून २००९पर्यंत टॅरँटिनोचा प्रत्येक चित्रपट त्यांनी कापला. २०१० साली त्या गेल्या. अडलेल्या कामात मी आजही ते प्रकरण लावून बसते.

पाय मेईच्या प्रकरणात कॅमेरा एकदम चेहऱ्यावर झेपावतो, दाढी उडवली तरी हवा कापल्याचा आवाज येतो. ही सत्तरीतल्या हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सची रीत. गुरू झालेले गॉर्डन लिऊ तिथलेच, १९७८च्या 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'चे नायक. १९८०च्या एका चित्रपटात त्यांनी अशाच पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्याशी झुंज घेतली होती. इथे त्या भुवया त्यांनी स्वतः लावल्या. मारामारी बसवणारे युएन वू-पिंग, 'मेट्रिक्स'वाले. हे सगळे लोक ठरलेल्या सोंगाची ठरलेली पावलं जाणणारे आहेत, आणि बोहाड्यात वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाहीत.

आता सूडाबद्दल. बोहाड्यात नरसिंहाचंही सोंग असतं. ती गोष्ट म्हणजे दुसरा भागच. पहिल्यात वराहानं हिरण्याक्षाला मारलं. दुसऱ्यात त्याचा भाऊ हिरण्यकशिपू विष्णूवर सूड घ्यायला उठतो. आणि त्याच्या वाटेत कोण उभं राहतं, तर त्याचाच मुलगा. सूडाचा हिशेब दोन मोठ्या माणसांत असतो तोवर तलवारी चालतात. मधे मूल आलं की तलवार कुठे चालवायची तेच कळेनासं होतं.

'किल बिल'ला जिच्यापासून प्रेरणा मिळाली, ती जपानी 'लेडी स्नोब्लड' १९७३ची. मेइको काजी यांची नायिका आईचा सूड घेण्यासाठीच तुरुंगात जन्माला आलेली, आणि शेवटी तिच्या अंगात सुरी घुसते ती तिनं मारलेल्या एका माणसाच्या मुलीची. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला. त्यात तिला फाशीतून सोडवून सरकारच्या हेरगिरीला लावलंय. चित्रं देखणी आहेत, पण तिचा स्वतःचा हिशेब पहिल्याच भागात फिटलेला, त्यामुळे तलवारीला धार राहत नाही. दुसरा भाग काढायचा तर काहीतरी देणं बाकी ठेवावं लागतं.

टॅरँटिनोनं बाकी ठेवली ती किडोची मुलगी. पहिला भाग संपतो तो ती जिवंत असल्याच्या बातमीवर. आईला अजून ठाऊक नसतं. दुसऱ्या भागात आई पिस्तूल रोखून यादीतल्या शेवटच्या माणसाच्या, बिलच्या घरात शिरते आणि समोर चार वर्षांची पोर खेळण्यातलं पिस्तूल धरून उभी. मुलगी तोंडानं आवाज काढते, आणि ही बाई, जिनं मुखवटेवाल्यांची अख्खी टोळी कापलीय, छातीवर हात ठेवून जमिनीवर पडते. खोटं खोटं मरते. सबंध चार तासांत तिचा पराभव होतो तो इथे. रात्री मायलेकी कुशीत पडून 'शोगन असॅसिन' बघतात. हा १९८०चा अमेरिकी चित्रपट १९७२च्या दोन जपानी चित्रपटांना कापून एक केलेला, आणि त्यातही बाप मुलाला सोबत घेऊनच सूडाच्या वाटेवर चालतो. त्याची मूळ चित्रकथा आणि 'लेडी स्नोब्लड'ची, दोन्ही काझुओ कोइके यांच्या लेखणीतल्या.

बिलशी शेवटची झुंज होते ती अंगणात, टेबलाशी, दोघंही खुर्चीत बसलेले. काही सेकंदांत संपते. तिची तलवार उडते, तो वार करतो, ती त्याचं पातं आपल्या रिकाम्या म्यानात अडकवते आणि पाच बोटांचे पाच आघात त्याच्या छातीवर. मग दोघं थांबतात. तो कोट सारखा करतो, उठतो, पाच पावलं चालतो आणि कोसळतो. इथे रक्ताची कारंजी उडवली असती तर आत झोपलेल्या मुलीची आठवण पुसली गेली असती. मोखाड्यात सांबळ थांबायचा तेव्हा जे व्हायचं, तेच त्या पाच पावलांत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत हा दुसरा भाग पुन्हा पाहा, थडग्याचं प्रकरण दिवे घालवून. आणि होळी झाली की बोईसरहून मनोर, विक्रमगड, जव्हार करत मोखाड्याकडे या. रात्री उशिराची सोंगं बघून गर्दी पांगायला लागते, तेव्हा उठू नका. देवी पहाटे येते.