तीन मिनिटांचा दंड

विद्यार्थिमित्रहो, सकाळी पहिल्या घंटेपूर्वी शाळेच्या सायकलींच्या छपराखाली जी धांदल उडते, ती आम्ही वर्गाच्या खिडकीतून नित्य पाहत असतो. कोणाची साखळी उतरलेली असते, तर कोणाच्या चाकातील हवा गेलेली असते. उशीर का झाला असे विचारता ‘सर, सायकल बिघडली’ हे उत्तर इतक्या वेळा कानी पडते की, त्यावर विश्वास ठेवावा किंवा न ठेवावा, याचा निर्णय करणे आम्हांस कठीण जाते. यंदाच्या पावसाळ्यात सायकलशर्यतींच्या इतिहासाविषयी थोडे वाचन आमच्याकडून घडले. त्यात एका गृहस्थाची हकीकत वाचून आम्हांस स्वतःच्या एका जुन्या चुकीची आठवण झाली. ती हकीकत आणि ती चूक, या दोहोंचाही वृत्तांत आपल्या पालकांसमक्ष तुम्हांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उजेन क्रिस्तॉफ यांचा जन्म पॅरिसनजीकच्या मालाकॉफ या गावी 1885 साली झाला. तरुणपणी ते कुलुपे बनविण्याचे काम शिकले, आणि पुढे सायकलशर्यत हाच त्यांचा पोटाचा धंदा झाला. हा धंदा म्हणजे मौज नव्हे. 1910 साली इटलीतील मिलान ते सान रेमो ही सुमारे तीनशे किलोमीटरांची शर्यत ऐन बर्फवृष्टीत झाली. शर्यत पुरी करणारे स्वार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले, आणि त्यांत पहिले आले ते क्रिस्तॉफ. परंतु त्या थंडीने त्यांचे शरीर असे गारठले की, त्यांस पुढे इस्पितळात पडून राहावे लागले. 1912 साली ‘तूर द फ्रान्स’ या फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीत त्यांनी लागोपाठ तीन टप्पे जिंकले व एकंदरीत दुसरा क्रमांक मिळविला. आता पहिल्या क्रमांकास एकच पायरी उरली होती.

ती पायरी 1913 च्या जुलै महिन्यात चढावयाची होती. बायोन ते ल्युशों हा 326 किलोमीटरांचा टप्पा पिरिनीज पर्वतातून जातो. वाटेत तूरमाले नावाचा घाट लागतो, त्याची उंची दोन हजार मीटरांहून अधिक. क्रिस्तॉफ माथ्यावर दुसरे पोहोचले. पूर्वीचा अग्रणी मागे पडला होता, त्यामुळे एकूण वेळेच्या हिशेबात विजयश्री आता त्यांच्याच गळ्यात माळ घालणार असा रंग दिसत होता. इतक्यात उतारावर सायकलीचा पुढचा चिमटा मोडला.

त्या काळच्या नियमांची कठोरता आज ऐकूनही अंगावर काटा येतो. मोडलेली सायकल बदलण्याची मुभा नव्हती, आणि दुरुस्ती स्वाराने स्वतःच्याच हातांनी करावयाची, दुसऱ्या कोणाचेही साहाय्य घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. क्रिस्तॉफ यांनी सायकल खांद्यावर टाकली व घाट पायी उतरावयास सुरुवात केली. मागील स्वार एकामागून एक पुढे निघून गेले. दहा किलोमीटरांहून अधिक वाट त्यांनी अशी चालून काढली, आणि त्या वाटेवर आपणांस रडू आवरले नाही, हे त्यांनी पुढे कधी लपविले नाही.

पायथ्याच्या सँत-मारी-द-कांपां या खेड्यात एका मुलीने त्यांस लोहाराच्या भट्टीची वाट दाखविली. लोहार मदतीस तयार होता, पण नियम आड आला. शर्यतीचे अधिकारी दाराशी उभे राहून पाहत होते. क्रिस्तॉफ यांनी भट्टी पेटविली, लोखंड तापविले, ऐरणीवर ठोकून जोड केला. लहानपणी शिकलेले काम त्या दिवशी उपयोगी पडले. परंतु एका क्षणी त्यांचे दोन्ही हात कामात गुंतले, आणि भाता कोणी हलवावा असा पेच पडला. जवळच सात वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याने भाता हलविला.

सुमारे तीन तासांनी चिमटा जोडला गेला. क्रिस्तॉफ पुन्हा सायकलीवर बसले आणि पुढचे घाट चढून ल्युशोंस पोहोचले, तेव्हा पहिल्या स्वारास येऊन पावणेचार तासांहून अधिक काळ लोटला होता. इतके झाल्यावरही अधिकाऱ्यांनी भात्याच्या मदतीबद्दल त्यांस दहा मिनिटांचा दंड ठोठावला. मागाहून तो तीन मिनिटांवर आणला गेला. क्रिस्तॉफ यांनी शर्यत सोडली नाही. पॅरिस येथे ते सातवे आले.

येथवर वाचून आम्ही पुस्तक मिटले, आणि बराच वेळ ते पुन्हा उघडवेना. कारण त्या भट्टीच्या दाराशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या मेळ्यात आम्हांस आमचाच चेहरा दिसू लागला.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आमची नेमणूक झाली होती. ‘वस्तू स्पर्धकाने सर्वस्वी स्वतःच तयार केलेली असावी’ असा नियम आम्हीच घातला होता. आठवीतील एका मुलाने मातीचा उठावाचा नकाशा केला होता, आणि त्यातील सह्याद्रीची रांग इतकी सुबक उतरली होती की, पारितोषिक त्याचेच हे सर्वांनी मनोमन ठरविले होते. आम्ही रिवाजाप्रमाणे विचारले, ‘हे सर्व तू एकट्याने केलेस?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, माती धाकट्या बहिणीने मळून दिली. माझ्या हाताला रंग लागला होता.’

आम्ही त्याचे नाव यादीतून कमी केले.

नियम चुकीचा होता, असे आम्ही आजही म्हणणार नाही. ज्या मुलांनी माती स्वतः मळली, त्यांच्याशी न्यायाने वागणे आमचे कर्तव्यच होते. आमची चूक वेगळी होती. त्या मुलाने खरे सांगितले नसते, तर आम्हांस कधीही कळले नसते. स्वतःच्या मुखाने स्वतःचे पारितोषिक घालविणाऱ्या त्या मुलास आम्ही ‘शाबास’ एवढा एक शब्दसुद्धा दिला नाही. यादीवर रेघ ओढून आम्ही पुढच्या टेबलाकडे वळलो. पुढील वर्षी त्याने प्रदर्शनात नाव दिले नाही. आम्ही कारण विचारले नाही, आणि त्यानेही ते सांगितले नाही. तो शाळा सोडून गेला, तेव्हा आमच्या मनात कोठेतरी एक सल राहिला. परंतु तो कशाचा हे समजण्यास आम्हांस क्रिस्तॉफ यांची गोष्ट वाचावी लागली. दहाची तीन मिनिटे करणाऱ्यांनी निदान पुनर्विचार तरी केला. आम्ही तोही केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढील भाग वाचला. महायुद्धामुळे चार वर्षे बंद राहिलेली शर्यत 1919 साली पुन्हा सुरू झाली. सदुसष्ट स्वार निघाले; पॅरिसास पोहोचले ते अवघे अकरा. अग्रणी स्वार दुरून ओळखू यावा म्हणून त्यास पिवळा सदरा देण्याची प्रथा याच वर्षी पडली, आणि 19 जुलै रोजी ग्रनोबल येथे तो सदरा प्रथम अंगावर घालण्याचा मान क्रिस्तॉफ यांस मिळाला. त्यांचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते. शेवटून दुसऱ्या टप्प्यापर्यंत ते आघाडीवर होते. आणि तेथे, व्हालांसिएन गावाजवळ, पुन्हा चिमटाच मोडला! पुन्हा त्यांनी तो स्वतः जोडला, पुन्हा वेळ गेला, आणि विजय फिरमँ लांबो यांस मिळाला. क्रिस्तॉफ तिसरे आले. परंतु या वेळी लोक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी वर्गणी गोळा केली, आणि ती रक्कम विजेत्याच्या पारितोषिकाहूनही मोठी झाली. 1922 साली गालिबिये घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदा चिमटा मोडला, तरीही क्रिस्तॉफ 1925 पर्यंत ही शर्यत धावतच राहिले. अकरा वेळा ते तीत उतरले, आठ वेळा ती पुरी केली, आणि एकदाही जिंकली नाही. 1970 साली त्यांनी इहलोक सोडला. सँत-मारी-द-कांपां येथे आज त्यांचा पुतळा उभा आहे.

पालकहो, निकालाच्या दिवशी आपण मुलाच्या हातातील कागद घेऊन प्रथम क्रमांक पाहतो. तो अवश्य पाहावा, कारण क्रमांक खोटा नसतो. परंतु कागद खाली ठेवण्यापूर्वी मुलाच्या तोंडाकडेही एकदा पाहावे. तो किती घाट पायी उतरून आला, आणि कोठे खरे बोलून मागे पडला, हे कागदावर लिहिलेले नसते. दंड करणे प्राप्तच असेल तर करावा, मात्र शाबासकीही त्याच वेळी द्यावी. ती मागाहून देऊ म्हटल्यास मूल शाळा सोडून गेलेले असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, उद्या सायकल बिघडली म्हणून कोणास उशीर झाला, तर आम्ही वहीत उशिराची खूण करूच. पण त्याच्या हाताला साखळीचे काळे वंगण लागलेले दिसले, तर पूर्वीसारखे तसेच पुढे जाणार नाही. त्या नकाशावाल्या मुलाच्या वाचनात ही ओळ कधी आली, तर त्याने एवढे जाणावे की, त्याच्या हाताच्या रंगाची गोष्ट आम्ही विसरलो नाही. त्याची शाबासकी आमच्याकडे बाकी आहे.