एको उशिरा आला तरी चालतो

गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज किती उशिरा पोचला तर चालतो, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. गळा आणि कीबोर्ड एकाच वेळी, एकाच माणसाकडून, जुन्या लॅपटॉपवर घ्यायचे म्हटले की बाकीचे प्रश्न मागे पडतात आणि हा एकटा समोर उभा राहतो.

पूर्वी तो पडायचं कारणच नव्हतं. नगरला सावेडीतल्या माझ्या खोलीत कामाची रीत ठरलेली होती. आधी मी क्लिकवर कीबोर्ड वाजवायचा, ठेका टाकायचा, मग गाणाऱ्याने हेडफोन लावून त्यावर गायचं. भजनी मंडळं, चर्चची गायनमंडळं, मंगलाष्टकं, सगळं असंच. मग राहुरीकडची एक मुलगी शिकायला येऊ लागली. ती स्वतः वाजवत गाते. माझ्या ट्रॅकवर तिला अभंगाला बसवलं, तर दोन चरण गाऊन तिने हेडफोन काढला. म्हणाली, "काका, तुमचं वाजवणं छानच आहे, पण ते माझ्यासाठी थांबत नाही."

मग ती तोच अभंग स्वतः वाजवत गायली आणि मी नुसता तिच्या हातांकडे बघत बसलो. वरच्या गंधारावरून षड्जावर येताना आवाज घसरत यायला लागला की तिची बोटं पट्ट्यांवरून उचलली जात. गळा षड्जावर टेकला की मगच डावा हात खाली येई. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बाहेर काढलं आणि १९७१पर्यंत आत घेतलं नाही. त्यामागचा एक मोठा आक्षेप हाच होता की पेटीचे सूर जागचे हलत नाहीत आणि मींड, म्हणजे असं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत येणं, पेटीतून निघत नाही. माझ्या मते त्या वादाचं उत्तर तिच्या उचललेल्या बोटांत आहे. पण आधी करून ठेवलेल्या ट्रॅकमध्ये बोटं उचलता येत नाहीत. तिथे गळा घसरत असतो आणि खाली माझा कॉर्ड ताठ उभा असतो.

तेव्हा दोन्ही एकदमच घ्यायचं ठरलं. सॉफ्टवेअरचा शोध तिथून सुरू झाला.

माझा लॅपटॉप चार जीबीचा आहे. मोठी सॉफ्टवेअर त्यावर उघडतात, पण उघडली की पंखा फिरायला लागतो आणि बंद खोलीत तो सरळ माइकमध्ये येतो. हलकं सॉफ्टवेअर का हवं याचं माझं पहिलं कारण हे आहे. मशीन धीमं चाललं तर मी थांबेन, पण आलापाच्या शेवटी आवाज विरत जातो तिथे पंख्याची घरघर राहिलेली मला सोसत नाही. गळिताच्या हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याने जातात, त्यावर माझा इलाज नाही. पंख्यावर आहे.

पहिली उडी अर्थातच ऑडॅसिटीवर. २००० सालापासून लोकांच्या हातात असलेलं, फुकट, आणि दोन चॅनल नीट घेणारं. ऑडिओ इंटरफेसच्या एका इनपुटला माइक, दुसऱ्याला कीबोर्डची डावी जॅक, आणि दोन्ही वेगवेगळे मिळतात. यूएसबी माइक एकीकडे आणि कीबोर्डचं यूएसबी दुसरीकडे, असा खेळ कुणी करू नये. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असतात. दहा लाखांत पन्नासाचा फरक पडला तरी मिनिटाला तीन मिलिसेकंद सरकतात, म्हणजे दहा मिनिटांच्या भजनात शेवटची सम तीस मिलिसेकंदांनी फाटते. सगळं एकाच इंटरफेसमधून आलं पाहिजे.

ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग उत्तम झालं. पण ती गायली कोरडी. इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून आवाज कानात लगेच येतो, उशीर शून्य, पण तो उघडा आवाज असतो. गाणाऱ्यांना एको लागतो. नगरच्या कुठल्याही मांडवात जा, पहिलं वाक्य तेच असतं, "थोडा एको वाढवा." मी बरीच वर्षं याला हौस समजत आलो. पण गळ्याला समोर जागा दिसल्याशिवाय तो सुटत नाही, हे तिच्या बाबतीत स्पष्ट ऐकू आलं. कोरड्या कानाने ती प्रत्येक स्वर लवकर सोडून देत होती.

एको द्यायचा तर आवाज लॅपटॉपमधून फिरवून आणायला हवा. ऑडॅसिटीत रेकॉर्ड होत असतानाचा आवाज एको लावून परत ऐकता येत नाही. एलएमएमएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्त्या मी वापरल्या त्यांत गळा रेकॉर्ड करण्याचीच सोय नव्हती. शेवटी रीपरवर आलो. ज्या जस्टिन फ्रँकेलने विनॅम्प केलं, त्याचंच हे काम. सायबर कॅफेच्या काळात विनॅम्पवर गाणी ऐकलेल्या माझ्यासारख्याला तेवढी ओळख पुरेशी होती. डाउनलोड वीस एमबीच्याही आत, साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर साध्या वापराला साठ डॉलर. ते मी भरले. चोरून उघडलेल्या महागड्या सॉफ्टवेअरवर स्टुडिओ चालवायचा आणि गाणं चोरीला जातं म्हणून ओरडायचं, हे माझ्याच्याने होत नाही. जिल्ह्यात ते किती चालतं हे या धंद्यातल्यांना ठाऊक आहे.

रीपरमधून तिचा आवाज एको लावून, आणि त्याबरोबर कीबोर्डही, परत पाठवला आणि उशीर आला. बफर ५१२ नमुन्यांचा, दर सेकंदाला ४८,००० नमुने. आत जाताना साडेदहा मिलिसेकंदांहून थोडे जास्त, बाहेर येताना तितकेच. मिळून एकवीस. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तिचा कीबोर्ड तिच्यापासून सात मीटर लांब ठेवल्यासारखं झालं. बोट आत्ता पडलं, सूर नंतर आला. मग बोट सुराची वाट बघू लागलं, सूर आणखी मागे गेला, आणि तिसऱ्या चरणापर्यंत लय चांगलीच उतरली होती. गळ्याचं त्याहून वाईट. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो. त्याच्यावर हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज बसला की तो पोकळ होतो. बफर ६४ केला तर उशीर गेला, पण लॅपटॉप टकटक करू लागला आणि पंखा पुन्हा सुरू.

यात किती रात्री गेल्या ते मी मोजलेलं नाही. १२८, २५६, ड्रायव्हर बदल, वायफाय बंद कर, चार्जर काढ म्हणजे घूं जाते, पुन्हा लाव कारण लाईट गेली की बॅटरी टिकत नाही. सगळं त्याच एकवीस मिलिसेकंदांभोवती.

उत्तर मिळालं तेव्हा लक्षात आलं की कोरडा आवाज आणि एको हे मी एकच धरून चाललो होतो. उशीर नको तो मूळ आवाजाला. एको स्वभावतःच नंतर येतो. देवळाच्या सभामंडपात भिंतीवर आपटून परत येणारा आवाज एकवीस मिलिसेकंदांनी आला तर कुणाचं काय बिघडतं? तेव्हा कोरडा गळा आणि कीबोर्ड डायरेक्ट मॉनिटरमधून सरळ कानात. रीपरमध्ये गळ्याच्या ट्रॅकचं बाहेर जाणं बंद, त्यातून फक्त रिव्हर्बच्या, म्हणजे एकोच्या, ट्रॅकला आवाज पाठवायचा, आणि त्या रिव्हर्बमध्ये कोरडा भाग शून्य. बफर खुशाल ५१२. पंखा गप्प. फाइलमध्ये आवाज कोरडाच उतरतो, एको फक्त तिच्या कानापुरता. तिने हेडफोन लावला, एक षड्ज धरला आणि तो धरूनच ठेवला.

आता मानाचा भाग. ती गात असताना मी लॅपटॉपपाशी बसतो आणि माझे हात रिकामे असतात. इतकी वर्षं मी आधी वाजवायचो आणि गाणारे माझ्यामागून यायचे. मिक्समध्ये कीबोर्ड दोन डेसिबल वर ठेवायची माझी सवय होती, कारण दोन ओळींमधल्या माझ्या जागा लोकांना ऐकू याव्यात अशी माझी इच्छा होती. ती आजही आहे. कुणी गाण्याचं कौतुक करून वाजवण्याबद्दल काही बोललं नाही की मला लागतं. स्क्रीनवर चाळीस रंगीत ट्रॅक दिसले की गिऱ्हाईक दबतं, याचंही मला सुख होतं. आता रेकॉर्ड होणारे ट्रॅक दोनच असतात, आणि त्यांतला एकही माझा नसतो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं घ्यायला आला तेव्हा एकच कर्णा होता. गाणं, पेटी, सारंगी, तबला सगळं त्यातच जायचं, आणि कुणी किती जवळ बसायचं हेच मिक्सिंग. आज शहरातले स्टुडिओ प्रत्येक श्वास कापून बसवतात आणि सूर यंत्राने सरळ करतात, ते ऐकताना मला माणूस सापडत नाही. नगरच्या चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं अजून म्हटली जातात. मंडळी शेवटचा चरण लांबवते तेव्हा वाजवणाऱ्याने थांबायचं असतं. तिथेही आता कुठे कुठे पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक लागतो, आणि मंडळीला आपला चरण आखडता घ्यावा लागतो. वाजवणारी पोरं समोर बसलेली असताना हे होतं, याचा मला राग येतो.

सध्या अडलंय ते कीबोर्डच्या पट्ट्यांच्या आवाजावर. ती हळू गाते तेव्हा प्लास्टिकची टपटप माइकमध्ये येते. स्टँडखाली घोंगडी घडी करून टाकल्यावर जमिनीतून येणारा धमका गेला. माइक तोंडाच्या किंचित वर नेऊन त्याची पाठ पट्ट्यांकडे केली, त्यानेही बराच फरक पडला. पण पट्टी सुटून वर येताना होणारा आवाज अजून आहे, आणि तो नेमका मींडीच्या जागी येतो, कारण तिथेच ती बोटं उचलते. तिला बोटं सावकाश उचल असं सांगायची माझी तयारी नाही. माइक आणखी चार बोटं वर नेऊन बघतोय.