ऊन खायला परदेशी

ऊन ही आमच्या पुण्यात चुकवायची गोष्ट. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो ते एवढंच, की उन्हात खेळू नकोस, उन्हातून आल्याआल्या पाणी पिऊ नकोस आणि बोडक्यानं तर मुळीच हिंडू नकोस. उन्हाचं कौतुक फक्त पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्यांना. नाही म्हणायला डिसेंबर-जानेवारीत सकाळी पायरीवर बसून, पेपर तोंडासमोर धरून ऊन खाणारे पेन्शनर असतात. चारचौघांदेखत फुकट खाण्याचा तेवढा एकच प्रकार पुणेकराला शोभून दिसतो.

त्यामुळे आमच्या मुलीनं जेव्हा जाहीर केलं, की “बाबा, आम्ही फेब्रुवारीत उन्हाला जाणार आहोत,” तेव्हा मला वाटलं, वाळवणं घालायचा काही बेत असावा. 

मुलगी आणि जावई इंग्लंडात, लीड्सला राहतात. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे आलो. घरात आमचा नातू, वय वर्षं पावणेदोन. घर छान, शेजार छान, फक्त सूर्य तेवढा गैरहजर. डिसेंबरात इथं सकाळी सव्वाआठनंतर उजाडतं आणि दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. मधल्या साडेसात तासांत तो ढगाआड काय करतो हे त्याचं त्यालाच माहीत. दुपारचा चहा दिवा लावून घ्यायचा! हिनं पहिल्या दिवशी सवयीनं चार वाजता शुभंकरोति म्हटलं आणि मग झोपेपर्यंतचे सहा तास कसे काढायचे या विचारात पडली.

इथले डॉक्टर सांगतात, की हिवाळ्यात या देशातल्या उन्हातून अंगाला ड जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम वेगळं द्यावं. आपल्या सावळ्या कातडीच्या लोकांना तर याची गरज अधिक. म्हणजे जे आम्ही लहानपणी अंगणात नागडे फिरून मिळवलं, ते आमचा नातू ड्रॉपरमधून थेंब मोजून घेतो. तेव्हा ज्यांना शक्य असेल ते लोक हिवाळ्यात आठवडाभर उन्हाच्या गावी जाऊन येतात. याला इकडे चैन म्हणत नाहीत, तब्येत म्हणतात.

आता गाव कोणतं? मी ताबडतोब “पुणे” म्हणालो. ऊन आहे, घर आहे, बाई पोळ्या करायला येते. पण जावयांनी शांतपणे एक कोष्टक माझ्यापुढे ठेवलं. आमचे जावई कांदे आणायचे असले तरी आधी कोष्टक करतात. पुण्याला पोचायला घरापासून घरापर्यंत जवळजवळ एक दिवस, परतायला तेवढाच, आणि त्यांच्या शिल्लक रजा मोजून सहा. शिवाय घड्याळात साडेपाच तासांचा फरक. ते पोर तिथं चार दिवस रात्री दोनला उठून खेळणार आणि इथं आल्यावर पुन्हा चार दिवस उलटं. मोठ्या माणसाला झोप येत नसली तर तो निदान गप्प पडून राहतो.

मग दुबई, इजिप्त, केप व्हर्दे अशी स्थळं आली. अगदी उपवर मुलीला येतात तशी. एक लांब, एक महाग, एकाचं घड्याळ जुळेना. शेवटी पत्रिका जमली ती कॅनरी बेटांतल्या तेनेरीफेशी. अंतर विमानानं साधारण पावणेपाच तास, घड्याळ इंग्लंडचंच, म्हणजे बाळाची झोप शाबूत. अक्षांश २८, जवळपास आपल्या दिल्लीचाच. मी म्हटलं, “अठ्ठावीस गुण जुळतायत, उडवून द्या बार.”

हे बेट आहे स्पेनचं, पण बसलंय आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. कॅनरी म्हटल्यावर मला आपले पिवळे पक्षी आठवले. पण बेटांना नाव पक्ष्यांवरून पडलेलं नाही, पक्ष्यांना बेटांवरून पडलं. आणि बेटांचं नाव म्हणे लॅटिनमधल्या कुत्र्यावरून आलं. ‘भू भू’ एवढा एकच शब्द स्पष्ट बोलणाऱ्या आमच्या नातवाला याहून योग्य गाव सापडलं नसतं. मधोमध तेईदे नावाचा ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्यामुळे किनाऱ्यावरची मूळ वाळू काळी. पांढरी वाळू हवी म्हणून १९७३ साली तेरेसितास नावाच्या किनाऱ्यावर सहाराच्या वाळवंटातून जहाजांनी वाळू आणून ओतली. ऊन विकायचं तर दुकान नीट मांडायला हवं, हे त्या लोकांना बरोबर कळलंय.

आणि एवढं सगळं करून तिथलं फेब्रुवारीतलं दुपारचं तापमान किती? २० किंवा २१ अंश! पुण्यात पारा तिथवर उतरला, की आमची ही कपाट उघडून शाल काढते आणि मी माकडटोपी शोधतो. त्याच हवेत हे लोक समुद्रात डुंबणार. शेवटी ऊन म्हणजे काय, तर आपण कुठून निघालो त्यावर अवलंबून.

मग व्हिसा. मुलगी आणि जावई यांचे पासपोर्ट भारतीय, बाळाचा ब्रिटिश. त्यामुळे ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याला स्पेनमध्ये जायला व्हिसा नको. आणि ज्या दोघांची डोकी त्याच्या पासपोर्टासाठी पिकली, त्यांना मात्र नोकरीचं पत्र, बँकेचे कागद, हॉटेलचं बुकिंग, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि माणशी ९० युरो फी. जून २०२४ पर्यंत हीच फी ८० होती. मुलगी म्हणाली, “कागद कमी पडले तर हा एकटाच जाऊन येईल.” त्या वेळी साहेब टेबलाखाली बसून आईच्या अर्जाची एक प्रत चाखत होते.

आम्हा दोघांचा प्रश्नच नव्हता. आम्ही इंग्लंडात पाहुणे. स्पेनच्या व्हिसाचा अर्ज सर्वसाधारणपणे माणूस जिथं राहतो तिथून करायचा, म्हणजे आम्ही तो भारतातून निघतानाच करायला हवा. तेव्हा आमच्याकडे घर सांभाळण्याचं खातं आलं.

तारीख ठरवताना मात्र खरी गंमत संपली. दोन वर्षांखालचं मूल विमानात आईच्या मांडीवर बसून जातं. दोन पुरी झाली, की त्याला खुर्ची आणि खुर्चीचं भाडं. बाळाचा वाढदिवस ६ मार्च. फेब्रुवारीच्या मध्यावर इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी, तेव्हा सगळ्याचे भाव आभाळाला टेकतात. त्याआधी व्हिसाची तारीख मिळेना. मार्चमध्ये जावयांच्या कचेरीत वर्षअखेर, तेव्हा खुर्चीचे पैसे भरतो म्हटलं तरी रजाच नाही. कोष्टकातल्या एकेका रकान्यावर फुली पडत गेली आणि शेवटी एकच आठवडा उरला, २२ फेब्रुवारी ते १ मार्च. आमचं परतीचं विमान ४ मार्चला. पुण्यात हिच्या मोतीबिंदूची तारीख ठरलेली, त्यामुळे ते हलवता येण्यासारखं नव्हतं.

म्हणजे नातवाबरोबरचे आमचे जे शेवटचे अकरा दिवस, त्यातले आठ तेनेरीफेला जमा. हा हिशेब कोष्टकात कुठंच नव्हता, पण घरात चौघांनीही तो आपापला मांडला होता. मुलगी हळूच म्हणाली, “आई, नाही तर यंदा राहू दे.” हिनं काही उत्तर दिलं नाही. कणीक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी काय झालं सांगतो. आठवडाभराच्या अंधारानंतर दुपारी बाराच्या सुमाराला पाच मिनिटं ढग फाटले आणि खिडकीतून उन्हाचा एक पट्टा सतरंजीवर येऊन पडला. नातू थबकला. आधी त्यानं तो पायानं चाचपला. मग चिमटीत उचलायचा प्रयत्न केला. उचलेना, तेव्हा काहीतरी सांडलंय असं समजून स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आला आणि पुसायला बसला. ही त्याला दोन महिने ‘ऊन’ शब्द शिकवत होती. पण दाखवायला ऊनच नसल्यामुळे तो बिचारा स्वयंपाकघरातल्या दिव्याला ऊन म्हणायचा. आम्ही सगळे हसलो. मुलगीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. गेले तीन महिने ती घरी बसून काम आणि मूल दोन्ही सांभाळत होती आणि दुपारी चारनंतर तिचा चेहरा बाहेरच्या आभाळासारखा होई, हे हिनं केव्हाच टिपलं होतं.

रात्री ही म्हणाली, “मंजू, तिकिटं काढ. मला तो पुढच्या वर्षीही भेटेल. ऊन तुम्हा दोघांना आत्ता हवंय.”

एकदा आजीचा शिक्का बसल्यावर बेताला वेग आला. आमच्या वेळी तान्ह्या पोराला घेऊन एसटीनं महाबळेश्वरला जायचं, तर एक वळकटी, एक ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि गुटीची पुडी एवढ्यात भागे. इथं बाबागाडी, मोटारीतली खुर्ची, पाण्यात चालणारे लंगोट, गळ्यामागे झालर असलेली टोपी, ५० नंबरचं मलम. म्हणजे एवढे पैसे खर्चून ऊन गाठायचं आणि ते अंगाला लागू नये म्हणून आणखी खर्च करायचा! विमानात पाण्याची बाटली नेण्यावर बंधनं, पण बाळाच्या दुधाला सूट. हिनं मेतकूट-तांदळाचा डबा त्या सवलतीत बसतो का, याची जावयांकडे दोनदा चौकशी केली. शेवटी तो मोठ्या बॅगेत गेला.

यादी आता फ्रीजच्या दारावर लावली आहे. जावयांनी संगणकावर छापलेली, सत्तेचाळीस कलमं, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. काल पाहतो तर खाली पेन्सिलीनं, हिच्या गोल अक्षरात, अठ्ठेचाळिसावं कलम – ‘ऊन दाखवणे.’

जावयांनी ते वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढेही नीट एक चौकोन काढून ठेवला.