आधी बाजार, मग सिंह

लहान मुलांना आफ्रिकेची ओळख करून द्यायची ती लोककथांपासूनच, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. बालवाचनालयात गोष्टीचा तास मी घेते, पुस्तकं निवडण्याचं कामही माझ्याकडेच असतं. त्यामुळे कपाटात काय येणार आणि मुलांच्या कानावर काय पडणार, हे त्या मतावर ठरायचं. आता ते मत राहिलेलं नाही. ते कसं बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण मी पूर्वी जे म्हणत होते तेच म्हणणारे शिक्षक आणि पालक मला आजही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

माझा मुद्दा साधा होता. आपली मुलं पंचतंत्रावर वाढतात. बोलणारे प्राणी, लबाडी, फजिती, शहाण्यावर कुरघोडी हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मग घानातल्या अशांती लोकांचा अनान्सी, तो जाळं विणणारा धूर्त कोळी, त्यांना परका कसा वाटेल? 1901 साली जॉर्ज बेटमन यांनी झांझिबारच्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात शार्कला माकडाचं काळीज हवं असतं आणि माकड म्हणतं, काळीज तर मी घरीच ठेवून आलो. ही आपली माकड आणि मगरीचीच गोष्ट. समुद्राच्या या काठावर आणि त्या काठावर एकच कथा सांगितली जाते, याहून सुंदर ओळख कोणती, असं मला वाटायचं.

शिवाय चित्रं! लिओ आणि डायान डिलन या दांपत्याला 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं, आणि दोन्ही पुस्तकं आफ्रिकेवरची. पहिलं डास माणसाच्या कानाशी का गुणगुणतो, त्या पश्चिम आफ्रिकी कथेचं. दुसरं ‘अशांती टू झुलू’. मार्गारेट मसग्रोव्ह यांनी त्यात इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने 26 लोकसमूहांची एकेक चाल सांगितली आहे, आणि डिलन दांपत्याने जवळजवळ प्रत्येक चित्रात पुरुष, बाई, मूल, राहतं घर, एखादी हातची वस्तू आणि एखादा प्राणी दाखवला आहे. एवढी मेहनत, एवढा आदर. ही पुस्तकं मला तेव्हाही प्रिय होती, आजही आहेत.

मग वाचनालयात ‘ममा पान्याज पॅनकेक्स’ आलं. मेरी आणि रिच चेंबरलिन यांनी लिहिलेलं, ज्युलिया केर्न्स यांच्या चित्रांचं, 2005 सालचं पुस्तक. गोष्ट केनियातल्या एका खेड्यातली. आज बाजाराचा दिवस. ममा पान्या आणि तिचा मुलगा आदिका पॅनकेकचं सामान आणायला पायी निघतात. ममाजवळ दोन नाणी आहेत. वाटेत जो भेटेल त्याला आदिका जेवायला बोलावत सुटतो: नदीवर मासे धरणारा म्हातारा, गुरं राखणारी मुलं, बाजारात केळी विकणारी मैत्रीण. प्रत्येक आमंत्रणागणिक ममाचा जीव खालीवर. एवढ्या माणसांना पुरणार कसं?

इंग्रजी पुस्तक हातात धरून मी ते मराठीत सांगत होते. आमच्या गावात आठवडी बाजार भरतो, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींच्या आया तिथे भाजी घेऊन बसतात. पोरांनी मला पुढे जाऊच दिलं नाही. दोन नाण्यांत पीठ किती येतं? ममाने उधार का नाही घेतलं? तिथे उधारी चालत नाही का? एका मुलीने पुस्तक स्वतःकडे ओढून ममाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हिला राग आलाय, पण लोकांसमोर ओरडता येत नाहीये.” ते त्या चित्रात होतं की नाही कोण जाणे. तिला मात्र ते माहीत होतं. लगेच दुसरा म्हणाला, पिठात पाणी वाढवायचं, पातळ घालायचे, आजी असंच करते. संध्याकाळी पाहुणे येतात, पण हात हलवत येत नाहीत. कुणी दूध आणि लोणी आणतं, कुणी मासे, कुणी केळी. मुलांना त्याचं नवल वाटलं नाही. “आणणारच ना!” असं एकजण म्हणाला आणि विषय संपला. पुस्तकाच्या शेवटी केनियातल्या जगण्याची माहिती आणि पॅनकेकची कृती आहे. ती आम्ही अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि हे धिरडं की घावन यावर भांडण झालं.

त्या तासानंतर मी आधीच्या तासांचा विचार करू लागले. अनान्सीच्या गोष्टी मुलांना फार आवडल्या होत्या, यात शंका नाही. पण नंतर विचारलं की त्यांना कोळी आठवायचा, सिंह, शार्क, माकड आठवायचं. माणसं आठवायची नाहीत, कारण माणसं त्या गोष्टींत फारशी नव्हतीच. ज्या जवळिकीवर माझा एवढा भरवसा होता तिनेच वाट अडवली होती. ओळखीची गोष्ट कानावर पडली की ओळख झाल्यासारखं वाटतं, आणि मूल पुढचं काही विचारत नाही. माझ्या मुलांनी पंचतंत्रच पुन्हा एकदा ऐकलं होतं, थोड्या वेगळ्या रंगांत. घाना नावाच्या देशात आत्ता, आज सकाळी, कुणीतरी मूल शाळेचा डबा भरून घेत असेल, हे त्यातून त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं.

त्याच सुमारास अटिनुके यांची पुस्तकं वाचली. त्या मूळच्या नायजेरियाच्या, आता वेल्समध्ये राहतात, आणि मुळात तोंडी गोष्टी सांगणाऱ्या आहेत. अँजेला ब्रुक्सबँक यांच्या चित्रांचं त्यांचं ‘बेबी गोज टू मार्केट’ 2017 साली आलं. आईच्या पाठीला बांधलेलं बाळ बाजारात फिरतं. केळीवाली सहा केळी देते, बाळ एक खातं, पाच आईच्या डोक्यावरच्या टोपलीत टाकतं. संत्रीवाला पाच देतो, एक पोटात, चार टोपलीत. मग चार चिन-चिन. चिन-चिन म्हणजे गोड पिठाचे तळलेले तुकडे, आपल्या शंकरपाळ्यांचीच जात. आईला टोपलीत काय चाललंय याचा पत्ताच नसतो. बालवाडीतली पोरंसुद्धा वजाबाकी करत हे पुस्तक ऐकतात, आणि संपेपर्यंत नायजेरियातला बाजार त्यांच्या पायाखालचा झालेला असतो.

वाटून घेणं या गोष्टीबद्दलची माझी समजूत मात्र अटिनुके यांच्या दुसऱ्या पुस्तकाने हलवली. ‘अ‍ॅना हिबिस्कस’, 2007. याला काटेकोरपणे चित्रपुस्तक म्हणता येणार नाही, पण लॉरेन टोबिया यांची चित्रं पानोपानी आहेत. अ‍ॅना मोठ्या शहरात, मोठ्या पांढऱ्या घरात राहते. आजीआजोबा, काका, आत्या, चुलत भावंडं असा भरलेला गोतावळा, आई कॅनडाची. फाटकाबाहेर काही मुली संत्री विकायला बसतात. अ‍ॅनाला वाटतं, आपणही विकावीत. घरच्या झाडाची ताजी, रसरशीत संत्री ती घेऊन बसते आणि सगळं गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं. अ‍ॅनाला आनंद होतो. त्या मुलींची मात्र विक्रीच होत नाही, आणि त्यांच्या घरी त्या पैशावर चूल पेटते. आजोबा तिला हे समजावतात. दुसऱ्या दिवशी अ‍ॅना त्या मुलींच्या हाताखाली राबते, पळापळ करून त्यांची कामं करते.

‘आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यावं’ हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले. या गोष्टीत अ‍ॅनाने आपली संत्री वाटून टाकली असती तर मला ती गोष्ट लगेच आवडली असती. अटिनुके तसं करत नाहीत. त्या अ‍ॅनाला दानशूर होऊ देत नाहीत, तिला श्रम करायला लावतात, आणि जिच्याकडे आहे तिने जिच्याकडे नाही तिच्या पोटावर पाय देऊ नये, हे आठ वर्षांच्या वाचकाला कळेल असं मांडतात. माझ्या गटात यावर खूप बोलणं झालं. एका मुलाचं म्हणणं, संत्री अ‍ॅनाच्या झाडाची, विकली तर बिघडलं काय? भाजीवाल्यांच्या मुलींनी त्याला चांगलं खडसावलं. मी मध्ये पडले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आफ्रिका आणि ‘देणं’ हे दोन शब्द जोडून आले की पुस्तकातलं देणं बहुधा बाहेरून आत येतं. ‘बिअ‍ॅट्रिसेज गोट’ हे युगांडातलं पुस्तक मी अनेकदा वाचून दाखवलंय. भेट मिळालेल्या शेळीच्या दुधावर एक मुलगी शाळेत जाऊ लागते. घडलेली हकीकत आहे, आणि मनाला भिडते. पण अशीच पुस्तकं एकामागून एक वाचली तर मुलांच्या मनात घेणारा हात कुणाचा आणि देणारा कुणाचा हे पक्कं होऊन बसतं. म्हणून आता ‘बिअ‍ॅट्रिसेज गोट’च्या जोडीला ‘फोर्टीन काउज फॉर अमेरिका’ वाचल्याशिवाय मी राहत नाही. कार्मेन अ‍ॅग्रा डीडी यांनी ते विल्सन किमेली नायोमा यांच्या सहकार्याने लिहिलं, 2009 साली आलं. किमेली हे केनियातले मसाई. 11 सप्टेंबर 2001 रोजी हल्ला झाला तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये होते. गावी, एनोसाएनला परतल्यावर त्यांनी तिथल्या मंडळींना जे पाहिलं ते सांगितलं, आणि 2002 च्या जूनमध्ये मसाईंनी अमेरिकेला 14 गाई दिल्या. ज्यांच्या जगण्याचा सगळा आधार गाय, त्यांनी दिलेल्या गाई. अमेरिकेच्या दूतावासातले अधिकारी समारंभाला आले होते. गाई जहाजात चढल्या नाहीत, मसाईंच्याच राखणीत राहिल्या.

माझ्या या निवडीवर एक आक्षेप मला मान्य आहे. अ‍ॅनाच्या पुस्तकात देशाचं नाव नाही, नुसतं ‘आफ्रिका’ आहे, आणि आधीच मुलं त्या खंडाला एक देश समजतात. अटिनुके यांनीच 2019 साली ‘आफ्रिका, अमेझिंग आफ्रिका’ लिहून प्रत्येक देशाला वेगळं पान दिलं, ते त्यामुळे फार उपयोगी पडतं. तरी गोष्ट सांगताना गावाचं, नदीचं, भाषेचं नाव मी आग्रहाने घेते. आणि मराठी मुलांसाठी तर तिथवर जायचा रस्ता आपल्याच मातीतून निघतो. 1610 मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता. त्याच्यावरचं एक देखणं मराठी चित्रपुस्तक मुलांच्या हातात द्यायला मला मनापासून आवडेल.

पैशाची अडचण खरी आहे. परदेशी पुस्तकं महाग पडतात. पण दक्षिण आफ्रिकेतल्या साइडे या संस्थेच्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उपक्रमातल्या कथा मुक्त परवान्याखाली मिळतात, आणि 2015 पासून चालणाऱ्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर आफ्रिकी लेखकांच्या गोष्टी आणि त्या आपल्या भाषेत उतरवायची सोय फुकट आहे. केप टाउनमधून सुरू झालेल्या ‘बुक डॅश’ चळवळीत तर लेखक, चित्रकार आणि संपादक एका दिवसात, बारा तास एकत्र बसून पुस्तक पुरं करतात आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. शिक्षकांनी यातली दोन पुस्तकं मराठीत आणली तरी वर्गाचं वर्षभराचं काम होईल.

लोककथा मी सोडलेल्या नाहीत, फक्त त्यांची पाळी नंतर येते. यंदा बाजाराची पुस्तकं झाल्यावर अनान्सीची ती शहाणपणाच्या मडक्याची गोष्ट सांगितली. जगातलं सगळं शहाणपण मडक्यात कोंबून तो ते झाडावर लपवायला निघतो. मडकं पोटाशी बांधल्यामुळे त्याला चढता येत नाही, आणि पाठीला बांध म्हणून त्याचा पोरगाच त्याला सांगतो. गोष्ट तिथवर आली तेव्हा मागून प्रश्न आला, “ते मडकं त्याने विकत आणलं का? कुठल्या बाजारातून?” मग आम्ही नकाशा काढला आणि अशांतींचं शहर कुमासी शोधलं.